शेडमध्ये राहण्यासाठी जुनी आरव्ही घेताना आम्ही कसे फसलो

घर बांधून होईपर्यंत भाडं कशाला भरायचं? आधी वर्कशॉपची शेड उभी करू, तिच्यात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, लावू आणि घर होईपर्यंत तिथेच राहू, असा बेत करणारे बरेच असतील. बेत चुकीचा नाही. बांधकामाच्या जागेवरच मुक्काम असला की सकाळी उठल्याउठल्या कामाला हात घालता येतो, सामान डोळ्यांसमोर राहतं, आणि वारापाऊस शेडच्या पत्र्यावर अडतो. पण त्यासाठी जुनी आरव्ही घेताना आम्हाला ज्या पद्धतीने गंडवलं, ती हकीकत सविस्तर लिहायलाच हवी. पैसे गेले ते गेलेच, त्याहून वाईट काहीतरी होता होता राहिलं.

आम्ही तिघं: नवरा, मी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. शेड पूर्ण झाली होती, खाली काँक्रीटचा कोबा, समोर चौदा फूट उंचीचं दार. आरव्हीतही गाडीमागे ओढून न्यायचा ट्रेलर हवा होता, कारण एकदा आत लावला की तो वर्षभर हलणार नव्हता. जाहिरात पाहून आम्ही फोन केला आणि पहिल्याच बोलण्यात सगळं सांगून टाकलं, की आम्ही शेडमध्ये राहणार आहोत, घर बांधतोय, थंडीच्या आत मुक्काम हलवायचाय. तिथेच आम्ही चुकलो. त्या माणसाने पुढे जे जे खोटं सांगितलं, ते आमच्या बेताच्या मापाने बेतलेलं होतं.

छपराबद्दल विचारलं तर म्हणाला, "तुमच्या डोक्यावर शेड आहे ना? मग छपराची काळजी कशाला करताय?" टायर जुने दिसतात म्हटलं तर म्हणाला, "तुम्हाला कुठे फिरवायचीय?" दोन्ही उत्तरं आम्हाला पटली. माणूस साठीचा, बोलणं मऊ, मुलीला हाताला धरून ट्रेलरभर फिरवून दाखवलं. कागदपत्रं स्वच्छ होती, कर्जाचा बोजा नव्हता, चासीवरचा नंबर कागदाशी जुळत होता. एवढं तपासलं म्हणजे सगळं तपासलं असं आम्हाला वाटलं.

टायरच्या कडेला कोरलेल्या कोडमधले शेवटचे चार आकडे वाचायचे असतात, हे मला नंतर कळलं. 1911 असेल तर तो टायर 2011 सालच्या एकोणिसाव्या आठवड्यातला. आमचे चारही टायर त्याच सुमाराचे निघाले, वरून काळं पॉलिश मारलेलं. आणताना रस्त्यात एखादा फुटला असता तर मागचा ट्रेलर गाडीसकट कुठे गेला असता, हा विचार अजूनही सतावतो.

फ्रिजचं मात्र नीट सांगते. अशा ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा फ्रिज असतो. त्यात घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नसतो. नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं, आणि उष्णतेच्या जोरावर ते फिरत राहून थंडावा होतो. हा फ्रिज गार व्हायला आठ-दहा तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. "काल रात्रीच चालू करून ठेवलाय," म्हणत त्याने दार उघडलं. आतून गार हवा आली. मी हात घालून पाहिला, फ्रीजरची कड बर्फासारखी होती. खालच्या कप्प्यात थोडं पाणी साचलेलं दिसलं. "डीफ्रॉस्ट केला होता," म्हणाला.

घरी आणल्यावर दोन दिवस वाट पाहिली. फ्रिज काही गार होईना. तिसऱ्या दिवशी फ्रीजर पुसताना कोपऱ्यात चिकटलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा हाताला लागला, बर्फाच्या पिशवीचा फाटलेला कोपरा. त्याने आम्ही यायच्या आधी आत बर्फ भरून ठेवला होता आणि वेळेवर काढून घेतला होता. बाहेरच्या बाजूने फ्रिजमागची जाळी उघडली तर नळ्यांवर पिवळी भुकटी साठलेली. नळ्या आतून गंजू नयेत म्हणून त्या द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, आणि गळती झाली की तेच असं पिवळं दिसतं. मेकॅनिकने नुसतं बघून सांगितलं की हा कधीच गेलाय, भुकटी वाळून खडखडीत झालीय. ती जाळी उघडायला एक मिनिटही लागत नाही. आम्ही उघडली नव्हती.

महिनाभराने पलंगाचा एक पाय खाली जातोय असं वाटू लागलं. आपण बोलताना म्हणतो ना, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे ते खरोखर मुरत होतं. मागच्या कोपऱ्यात टाच दाबली की जमीन दबायची. ट्रेलर बघायला गेलो तेव्हा नेमक्या त्याच कोपऱ्यात चार खोकी रचलेली होती. "ही भांडी तुम्हाला तशीच देतो," म्हणाला होता, आणि आम्ही हरखलो होतो.

नवऱ्याने जमिनीवरचं व्हिनाइल उचकटलं. वरचं व्हिनाइल नवीन, खाली पातळ प्लायचा नवा तुकडा, त्याला चकचकीत स्टेपल. त्याच्या खाली मूळ प्लाय काळाठिक्कर, बोटांनी चुरला जाणारा. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. भिंतीच्या खालच्या पट्टीवर बुरशी होती आणि तिच्यावर सरळ पांढरा रंग फासलेला. नव्या स्टेपलशेजारीच जुने गंजून विरघळलेले स्टेपल तसेच होते. म्हणजे हे कोणीतरी उघडलं, डोळ्यांनी पाहिलं आणि झाकून ठेवलं.

"शेड आहे, मग छपराची काळजी कशाला" हे वाक्य किती धूर्त होतं ते तेव्हा कळलं. पाऊस थांबला तरी आधी मुरलेली ओल भिंतीच्या थरांमधून सहज निघत नाही. त्यात आम्ही तिघं आत झोपणार, श्वासाची वाफ, स्वयंपाकाची वाफ. शेगडीवर एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. बंद शेडमध्ये ती वाफ जाणार कुठे? ती पुन्हा त्याच गार भिंतींवर बसते.

लाकडातली ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं. सुक्या लाकडात आकडा पंधरा टक्क्यांच्या आत असतो, विसाच्या वर गेला की कुजण्याचा धोका धरायचा. कोपरे, खिडक्यांखालची जागा, पलंगाखाली, छपराला जिथे जिथे भोक आहे तिथे ते टेकवून बघायचं. विकणारा "आता याची काय गरज" म्हणाला तर तिथे दोनदा टेकवायचं. बाहेरून भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहून तिरक्या उजेडात बघितलं की फायबरग्लासला आलेले फुगेही दिसतात.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. गॅसच्या हीटरबद्दल आम्ही मुद्दाम विचारलं होतं, शेडमध्ये लावला तर चालेल ना? "गॅस स्वच्छ जळतो, धूर होत नाही, आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आहे," म्हणत त्याने अलार्मचं बटण दाबून दाखवलं. खणखणीत वाजला. त्या हीटरचा धूर ट्रेलरच्या बाहेर जातो, पण आमचं बाहेर म्हणजे शेडचं आत, हा साधा विचार आम्ही केला नाही. ही आमची चूक, ती लपवत नाही.

वाचलो ते नवऱ्यामुळे. त्याने करवतीच्या टेबलाजवळ शेडसाठी वेगळा नवा अलार्म लावला होता. थंडीतल्या एका पहाटे तो वाजला. मुलगी डोकं दुखतंय म्हणून आधीच कुरकुरत होती, मला वाटलं सर्दी असेल. आम्ही तिला उचलून बाहेर पळालो, शेडचं दार सताड उघडलं. मागे नवा अलार्म किंचाळत होता आणि ट्रेलरमधला, आमच्या उशाशी असलेला, गप्प होता.

तो काढून उलटा केला. मागचं तारखेचं लेबल खरवडून काढलेलं. हे अलार्म कायमचे नसतात, पाच ते दहा वर्षांत सेन्सर निकामी होतो आणि अख्खं यंत्र बदलावं लागतं. बटण दाबल्यावर फक्त बॅटरी आणि भोंगा तपासला जातो, सेन्सर वायू ओळखतो की नाही ते त्यातून कळत नाही. बॅटरी मात्र विकणाऱ्याने नवीकोरी घातली होती. हीटर उघडल्यावर आतली भट्टी तडकलेली निघाली. झोपेत विषारी वायू थेट आमच्या खोलीतच येत होता.

फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आहे त्या स्थितीत विकली, तुम्ही सही केलीय." वकिलांनी सांगितलं की जाणूनबुजून दोष लपवला असेल तर अशी सही बऱ्याच ठिकाणी विकणाऱ्याला वाचवत नाही, पण त्याला ठाऊक होतं हे आपल्याला दाखवावं लागतं. म्हणून ते स्टेपल, नवा प्लाय, खरवडलेला अलार्म, पिशवीचा तुकडा, सगळं फोटो काढून आणि तारीख घालून जपून ठेवलंय. त्याचे जाहिरातीतले शब्द आणि मेसेजही. दावा लावलाय, निकाल अजून नाही.

हीटर कायमचा बंद केला. ट्रेलरच्या भिंती, जमीन, फ्रिज, सगळं काढून टाकलं आणि आम्ही विजेच्या हीटरवर शेडमध्येच एक खोली ठोकून घेतली. नवे अलार्म दोन आहेत, एक मुलीच्या उशाशी. आज नवरा चासीवर फळ्या ठोकतोय, नवे टायर चढवलेत. उद्या त्यावरून घराच्या छपराचं लाकूड आणायचंय.