खळं, वाडी, हॉल की किनारा? कोकणातल्या लग्नाची जागा आणि फुलं

भाचीचं लग्न फाल्गुनात ठरलं आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. समुद्राकडे पाठ करून उभा मांडव, पांढरे पडदे, गुलाबी गुलाबांचे झुबके, वरून सोडलेली ऑर्किडं. "मावशी, मला अस्संच हवंय." माझी आई बाजूला बसून कुळीथ निवडत होती. तिने चष्म्यावरून फोटो बघितला आणि म्हणाली, "केसांत अबोली नाय नि मांडवात गुलाब, ह्यां खंयचां लगीन?"

पुढचा महिनाभर आम्ही घरापुढच्या अंगणापासून, म्हणजे खळ्यापासून, रिसॉर्टच्या लॉनपर्यंत सगळं हिंडून पाहिलं. हिंडलो वेंगुर्ले-कुडाळ भागात, पण रत्नागिरी किंवा अलिबागकडे लग्न करणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. प्रत्येक जागी मी मनाशी एकच विचारत होते: ही जागा सजवायची आहे की झाकायची? सजवायला चार पाट्या फुलं पुरतात. झाकायला टेम्पो लागतो.

आधी फुलं येतात कुठून ते पाहू

फोटोतली फुलं कोकणातली नसतात. गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही घाटावरच्या थंड हवेतली, हरितगृहातली पिकं. सिंधुदुर्गात ती कोल्हापूरहून फोंडा किंवा करूळ घाटाने, नाहीतर बेळगावहून आंबोलीमार्गे उतरतात. रत्नागिरीला आंबा घाटाने. अलिबागची गोष्ट वेगळी. तिथे दादरची फूल मंडई हाताशी आहे, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट असल्यामुळे फुलांची गाडी थेट बोटीत चढते. विलायती फुलांचाच हट्ट असेल तर अलिबाग सोपं. वेंगुर्ल्यात तोच हट्ट महाग पडतो, आणि एवढं करूनही फुलं टिकतील याची खात्री नाही.

हे मी अनुभवाने सांगते. नात्यातल्या एका लग्नात, वैशाखातल्या उन्हात, उघड्या मांडवाला हायड्रेंजियाचे गुच्छ लावले होते. सकाळी आठला दृष्ट लागावी असे दिसत होते. साडेअकराच्या मुहूर्तापर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. डेकोरेटर म्हणाला, "ताई, हे डिझाइन एसी हॉलचं आहे." हे त्याला आगाऊ रक्कम घेताना आठवायला हवं होतं.

इथल्या हवेत टिकतं ते इथलं, किंवा निदान रांगडं. झेंडू, म्हणजे आमचे गोंडे, दोन दिवस तग धरतात. निशिगंध आणि शेवंतीही दिवसभर बऱ्या राहतात. बाकी भरगच्चपणा आणायला फुलं लागतच नाहीत. आंब्याचे टाळ (पानांच्या डहाळ्या), नारळाची चुडतं (झावळ्या), सुपारीचे शिपटे (घोस), केळीचे खांब, असोले नारळ आणि शहाळ्यांची पेंड एवढ्यावर दार भरून जातं. गुच्छ खोचायला डेकोरेटर हिरवा स्पंज वापरतात. तो प्लास्टिकचाच प्रकार, चुरा होऊन मातीत मिसळतो आणि कुजत नाही. त्याऐवजी केळीच्या बुंध्याचे तुकडे घ्या. त्यात पाणी असतं, देठ घट्ट बसतात आणि दुसऱ्या दिवशी माडाच्या मुळाशी टाकले की काम संपलं.

खळं आणि वाडी

घरापुढचं खळं आणि मागची नारळ-पोफळीची वाडी, दोन्ही आपलीच. म्हणून लोक दोन्हींना एकच समजतात. मांडव घालायला गेलं की फरक कळतो.

खळ्यात सगळं आधीपासून असतं: तुळशीवृंदावन, सारवलेली जमीन, जांभ्याच्या पायऱ्या, ओटी. पोफळीचे खांब रोवून वर चुडतांचं छप्पर घातलं की सावलीही होते आणि वाराही खेळतो. पत्र्याच्या मांडवाखाली मार्चमध्ये दुपारी बसून पाहा, मग चुडतांची किंमत कळते. सजावट म्हणाल तर वृंदावनाभोवती गोंड्यांच्या माळा, खांबांना टाळ, उंबऱ्याशी रांगोळी. अडचण माणसांची. दीडशेपर्यंत ठीक, तीनशे झाली की पंगत शेजाऱ्यांच्या खळ्यात जाते. शेजाऱ्यांशी बांधावरून वाद नसेल तर हेही चालतं!

वाडी फोटोत खळ्यापेक्षा देखणी दिसते. माडांच्या रांगा म्हणजे आयता सभामंडप, खोडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या की झालं. पण लग्नाच्या आठवडाभर आधी पाडेल्याला, म्हणजे माडावर चढणाऱ्याला, बोलावून तयार नारळ आणि सुकी चुडतं उतरवून घ्या. हे काम "बघू" वर ठेवू नका, खाली माणसं बसणार आहेत. वाडीत शिंपण चालू असतं, तेही तीन-चार दिवस आधी बंद करावं लागतं, नाहीतर खुर्च्या रुततात आणि शालूचा काठ लाल मातीने भरतो.

आंब्याच्या कलमबागेचा मोह मात्र आवरा. माघ-फाल्गुनात मोहोरावर फवारणी चालू असते. शिवाय मोहोरावर तुडतुडे ही कीड असली तर त्यांचा चिकटा वरून बारीक तुषारासारखा पडत राहतो, तो रेशमावरून जात नाही. एप्रिल-मेमध्ये हापूस उतरवायची घाई, तेव्हा बागवाला तुम्हाला दारातही उभं करणार नाही. कलमबाग मोकळी असते डिसेंबरच्या सुरुवातीला, तुळशीचं लग्न उरकल्यावर. तेवढीच तिची वेळ.

हॉल आणि देऊळ

हॉलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाऊस, ऊन, वीज, स्वच्छतागृहं, गाड्या लावायची जागा, म्हाताऱ्या माणसांची सोय, सगळ्यात हॉल पुढे. एसी असेल तर भाचीच्या फोटोतले गुलाब खरोखर टिकतील ते इथेच. पण चार भिंती आणि फरश्या झाकायच्या असल्यामुळे फुलं सर्वांत जास्त इथेच जातात. ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा. बाहेरचा डेकोरेटर चालतो का, आणि आदल्या दिवशीचा कार्यक्रम किती वाजता संपतो. रात्री अकराला रिकामा होणारा हॉल सकाळच्या मुहूर्ताला ताज्या फुलांनी सजवायचा म्हणजे कारागिरांना रात्रभर जागरण, आणि मग माळा घाईघाईत, सैल बांधल्या जातात.

देवळाच्या सभामंडपात बरोबर उलटं. कोरीव लाकडी खांब, दीपमाळ, जांभ्याचं पटांगण. वालावलच्या लक्ष्मीनारायणासारखं तळ्याकाठी देऊळ असेल तर माणूस तळ्याकडेच बघत बसतो, तुमच्या फुलांकडे कुणाचं लक्ष जाणार? खांबाखांबातून एकेक माळ सोडली की पुरे. मात्र देवस्थानचे नियम आपल्याला पाळायचे: खांबाला खिळा नाही, चिकटपट्टी नाही, जेवण शाकाहारी, नित्यपूजेची आणि पालखीची वेळ सोडून जी मिळेल ती वेळ आपली. मालवणी घराला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मासे लागतातच, त्यामुळे ते जेवण घरी ठेवलं की कुणाची तक्रार नसते. खर्च आणि शोभा यांचा मेळ बघितला तर छोट्या लग्नाला देवळाइतकी सरस जागा मला दिसली नाही.

किनारा

आता भाचीचा हट्ट. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण नुसतं "नको" म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

पहिली गोष्ट, वाळू कुणाच्याच खाजगी मालकीची नाही. रिसॉर्टवाला "आमचा बीच" म्हणतो, पण भरती-ओहोटीतला पट्टा सरकारी आहे आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम त्याला लागू होतात. तिथे मांडव घालायचा तर परवानग्या लेखी हव्यात, आणि त्या कुणी काढायच्या हे करारात लिहून घ्या. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद, हा नियम तर खळ्यातही आहे.

दुसरं, वारा. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत राहतो. गोरज मुहूर्ताला अंतरपाटाचं शीड होतं, होमाचा धूर भटजींच्या तोंडावर येतो, पातळ पडदे फडफडून फाटतात. वजनदार माळा, जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या पराती, पितळी समया (काचेत), असं बुटकं काहीतरी करा. फोटोतली उंच कमान दोरांनी ताणून बांधावी लागते, आणि ते दोर फोटोत दिसत नाहीत हे फोटोग्राफरचं कसब.

तिसरं, ऊन. समुद्र इथे कायम पश्चिमेला. मांडव समुद्राला पाठ करून उभारला तर पाहुणे मावळतीकडे तोंड करून डोळे बारीक करून बसतात. मांडव आडवा, उत्तर-दक्षिण ठेवला तर सगळ्यांची सोय होते. सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या सुमारास, मेमध्ये सातच्या आसपास. मुहूर्त त्या हिशोबाने बघा.

चौथं, भरती. गाबतांचा, म्हणजे इथल्या मच्छीमारांचा, जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळ मानाने निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे संध्याकाळी साडेसातच्या पुढेमागे ओहोटी आणि समोर ऐसपैस वाळू. पंचांगात मुहूर्त बघताना तिथी समोरच असते, तेवढा गुणाकार करून टाकायचा. मात्र यात एक मेख आहे. अष्टमीची भरती भांगाची, पाणी फार वर येत नाही. पौर्णिमेला संध्याकाळी वाळू मोकळी मिळते खरी, पण त्याच दुपारी बाराच्या सुमारास उधाणाचं पाणी पार वर चढलेलं असतं. सकाळी उभा केलेला मांडव संध्याकाळपर्यंत तिथेच सापडेल का, हे गावच्या मच्छीमाराला विचारावं. डेकोरेटरला नाही.

आणखी एक. वेळास, आंजर्ले, गुहागर आणि आमच्याकडचे काही किनारे ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचे आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा त्यांचा हंगाम, म्हणजे नेमका आपला लग्नाचा. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावर झगमगाट असला तर समुद्राऐवजी मांडवाकडे येतात. अशा गावात वाळूवर रात्रीचे दिवे लावूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

रिसॉर्टचं कुंपणाआतलं लॉन ही त्यातल्या त्यात बरी सोय. समुद्र दिसतो, विजेची व्यवस्था असते, माडांमुळे वारा थोडा अडतो, पाहुण्यांना खोल्या मिळतात. मुंबईहून येणारी माणसं जास्त असतील तर ही शेवटची बाब हलकी नाही. मे महिन्याच्या उत्तरार्धात मात्र उघड्यावरचं काहीच नको. २०२१ च्या मेमधलं तौक्ते आणि २०२० च्या ३ जूनचं निसर्ग वादळ अजून कोणी विसरलेलं नाही.

केसांतली फुलं

मांडव गुलाबांचा असो की गोंड्यांचा, नवरीच्या केसांत काय हे वेगळं ठरवा, आणि इथे कोकणाला तोड नाही.

अबोलीला वास नाही, पण ती वजनाला हलकी आणि दिवसभर सुकत नाही. पिवळ्या अष्टपुत्री साडीवर आणि हिरव्या चुड्याबरोबर तिचा रंग असा खुलतो की दुसरं काही नको. गुलाबी शालूवर मात्र तिचं जमत नाही, तिथे मोगरा. मोगरा मार्चपासून भरात येतो. मेमधल्या लग्नाला त्याच्याइतकं स्वस्त आणि सुवासिक काही नाही. सोनचाफा कलमांमुळे जवळपास बारमाही मिळतो, पण हाताळला की काळवंडतो. केसांत एखादंच फूल खोचावं, बाकीची पाण्याच्या वाटीत पाहुण्यांसमोर. बकुळ, म्हणजे ओवळं, पहाटे झाडाखाली वेचायची, फुलालाच भोक असल्यामुळे सुई लागत नाही. ती सुकली तरी दरवळतात, म्हणून ओवळांची माळ साडीच्या घडीत ठेवायला नवरीला द्यायची.

आणि सुरंगी. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आरवली-शिरोडा-आसोली या पट्ट्यात. भल्या सकाळी झाडावर चढून मिटलेल्या कळ्या काढाव्या लागतात, कारण उमलल्यावर वळेसर, म्हणजे गजरे, करायला फार उशीर झालेला असतो. झाड उंच, हंगाम थोडका. डिसेंबरचं लग्न असेल तर सुरंगी विसरा. मेचं असेल तरी विसरा. फाल्गुनातलं असेल तर हे एक फूल असं आहे की दादरच्या मंडईतला सगळा पैसा ओतूनही मुंबईच्या नवरीला ते इतकं ताजं मिळणार नाही.

भाचीला मी हेच सांगितलं आणि सुरंगीचा एक सुकलेला वळेसर तिच्या नाकाशी धरला. गेल्या वर्षीचा होता, कपाटातला.

तिने दोन दिवस घेतले. लग्न खळ्यात, चुडतांच्या मांडवात. संध्याकाळी रिसॉर्टच्या लॉनवर दोन तास मित्रमंडळींसाठी, आणि तिथे एका टेबलावर तिचे गुलाबी गुलाब. तिथी तृतीया, म्हणजे भरती सव्वादोनला, संध्याकाळी पाणी मागे. आरवलीच्या एका बाईला बारा वळेसर सांगून ठेवले आहेत. ती म्हणाली, "आदल्या रात्री पाऊस पडलो तर माका फोन करू नको." आईने लगेच परसातल्या अबोलीला पाणी वाढवलं.