जुन्या फोटोंचं कोलाज की जुन्या कपड्यांवर टाके?

घरातल्या माणसांच्या गोष्टी हाताने काहीतरी बनवून मांडायच्या म्हटलं की सगळे आधी फोटोंकडे वळतात, सोपंच आहे ते, चेहरा आयता समोर असतो, पण फोटोत सगळे सावरून बसलेले असतात ना, भांडणं, उधारी, पळून केलेलं लग्न, यातलं काहीच दिसत नाही. कोलाज करायचंच तर ओरिजिनल फोटो कापू नका प्लीज, ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके, बारीकसारीकही नीट येतं) स्कॅन करून प्रिंट वापरा, आणि फोटोच्या मागे काही लिहिलं असेल तर तेही स्कॅन करा, कधीकधी फोटोपेक्षा तेच जास्त बोलतं.

कपड्याचं वेगळंय. आजोबांच्या शर्टाची कॉलर झिजली म्हणून उलटवून परत शिवलेली, एवढ्यातच घरची ओढाताण कळते, वेगळं सांगावं लागत नाही. वेळ मात्र प्रचंड जातो, आणि विरलेलं कापड टाका घालतानाच फाटतं, खाली अस्तर लावावंच लागतं. पण आपला हात चालू असला की शेजारी बसलेली आत्या आपोआप बोलायला लागते (स्कॅनरसमोर कोण बोलणार!).

मी तरी कापडच घेईन. फोटोंचं स्कॅनिंग मात्र कोलाज करा नाहीतर टाके घाला, करून ठेवाच, फोटो उजेडात फिके पडत जातात.