आत कितीही व्होल्टेज असो, बाहेर कायम 230 दाखवणारा डबा

नवी पेठेतल्या एका दुकानातून ‘पॉवर कंडिशनर’, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र, म्हणून मी 18,500 रुपयांना एक डबा घेतला. पुढच्या पट्टीवर दोन आकडे. डावीकडे येणारं व्होल्टेज, उजवीकडे जाणारं. डावा आकडा 190, 205, 215 असा हलायचा, उजवा 230 वर ठाम. तेवढं बघूनच मी पैसे मोजले.

अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून मोठा टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले होते. आमच्या जुळे सोलापुरात उन्हाळ्यात रात्री घरोघरी कूलर, एसी लागले की व्होल्टेज उतरतं. शिवाय स्पीकरमधून सारखा ‘हूंऽऽ’ असा बारीक आवाज यायचा. दुकानदार घरी येऊन म्हणाला, “ताई, तुमची लाईटच घाण आहे.” अर्थिंगचं विचारलं, तर म्हणाला, “ते डब्यात आतच दिलंय.” अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत गेलेली तार. ती डब्यात कशी मावेल? पण त्या वेळी हे डोक्यात आलं नाही.

डबा जोडताना त्याने सेटटॉप बॉक्सची केबल काढून बाजूला ठेवली, “ही नंतर लावा” म्हणाला. आवाज बंद! अण्णा खूश झाले, त्याला चहा झाला, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी केबल लावली आणि हूंऽऽ परत सुरू. फोन केला तर उत्तर, “डबा सेट व्हायला महिना लागतो.” खरं कारण नंतर कळलं. केबलच्या आतली तारेची जाळी बाहेर कुठेतरी अर्थ झालेली आणि ॲम्प्लिफायरला अर्थच नव्हता, म्हणून त्याच्यातून गळणारा 50 हर्ट्झचा प्रवाह त्या जाळीतून जात होता. केबलला आयसोलेटर, म्हणजे असा प्रवाह अडवणारा जोड, लावल्यावर तो आवाज गेला. व्होल्टेजचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मे महिन्यात वळवाच्या पावसाच्या रात्री इमारतीच्या मीटरबोर्डात न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, सुटला. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की एखाद्या घराला 230 ऐवजी 300 च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. बल्ब डोळे दिपतील असे पेटले, पंखा घोंघावायला लागला. मी मेन स्विचकडे धावले. धावता धावता डब्याकडे नजर गेली. डावीकडे 312. उजवीकडे 230. आणि जळका वास.

ॲम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय गेला, दुरुस्तीला 7,200 रुपये लागले. टीव्ही नशिबाने भिंतीवरच्या बटणावरून बंद होता.

सकाळी वायरमनकाका आले. डब्याच्या सॉकेटमध्ये त्यांनी मल्टीमीटर घातला. डावीकडे 208, मीटरवर 208, उजवीकडे 230! मग चार स्क्रू काढले. आत एक्स्टेंशन बोर्डाची पट्टी, तिला चिकटवलेला एकच व्हॅरिस्टर (व्होल्टेजची उसळी झेलणारा छोटा भाग), तोही काळा पडून फुटलेला, आणि तळाला वजनासाठी बसवलेला सिमेंटचा ठोकळा. ट्रान्सफॉर्मर नाही, आपोआप बदलणारा स्विच म्हणजे रिले नाही. उजव्या आकड्याला व्होल्टेज मोजणारी तारच नव्हती, नुसती दिवे पेटवायची जोडणी. काकांनी तो ठोकळा अण्णांच्या हातात दिला. अण्णा काही बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं, कारण हा डबा घ्यायचा हट्ट माझा होता.

व्हॅरिस्टर खोटी वस्तू नाही. आभाळातल्या विजेमुळे क्षणभर उसळणारा दाब तो स्वतःवर घेतो. पण 300 च्या वर व्होल्टेज टिकून राहिलं तर तापून फुटतो. त्यासाठी जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारा कटऑफ लागतो. कमी व्होल्टेज वाढवायचं तर आत सहसा ट्रान्सफॉर्मर लागतो.

काकांनी हॉलचं सॉकेटही तपासलं. फेज आणि अर्थमध्ये त्या वेळी साधारण 208 यायला हवे होते, आले 84. तिसऱ्या भोकाला मागे तारच नव्हती. आता ती ओढून घेतली, मेनमध्ये कटऑफ आणि सर्ज प्रोटेक्टर बसवला.

माझ्याकडे पक्कं बिल नाही, ‘पॉवर युनिट 1 नग’ लिहिलेली साधी चिठ्ठी आहे. तरी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. कोणाच्या घरी असा डबा असेल तर आज संध्याकाळी व्होल्टेज उतरल्यावर त्याच्या सॉकेटमध्ये मीटर घालून बघा, पट्टीवरच्या आकड्यावर जाऊ नका. माझा डबा स्क्रू काढलेल्या अवस्थेत तसाच ठेवलाय. तक्रारीची सुनावणी झाली तर तो ठोकळ्यासकट दाखवायचा आहे.