कोॲग्युचेक एक्सएस: झडप बदलल्यावर डोळ्यांपुढे चमचमलं, तर हे यंत्र किती कामाचं?

हृदयाची झडप बदलल्यावर किंवा दुरुस्त केल्यावर पुढचे काही आठवडे, कधी काही महिने, बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे मधूनच एक चमचमता ठिपका येतो. तो पसरतो, त्याच्या कडेला करवतीच्या दात्यांसारख्या रेषा लखलखतात, वाचताना अर्धा शब्द गायब होतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. डोकं दुखतंच असं नाही. ही बहुधा अर्धशिशीची दृष्टीतली पूर्वसूचना, म्हणजे ऑरा. पूर्वी कधी अर्धशिशी नसलेल्यांनाही ती शस्त्रक्रियेनंतर होऊ शकते. पण छातीत धातूची झडप असेल तर पहिली शंका गुठळीची येते आणि हात जातो घरच्या आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं याचा आकडा, जितका मोठा तितकं रक्त पातळ) मोजणाऱ्या यंत्राकडे. म्हणून कोॲग्युचेक एक्सएसचं हे परीक्षण याच प्रसंगाच्या अंगाने.

आधी निकाल: यंत्र उत्तम आहे, पण ते एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. रक्त आत्ता किती पातळ आहे? डोळ्यांपुढे दिसलं ते साधं होतं की धोक्याचं, हे त्याला कळत नाही. आकडा कक्षेत आला म्हणून निश्चिंत होणं हा या यंत्राचा सर्वांत वाईट वापर.

वापर सोपा, पण घाई चालत नाही. पट्ट्यांच्या डबीसोबत आलेली कोड चिप यंत्रात असावी आणि तिच्यावरचा क्रमांक डबीशी जुळावा. हात कोमट पाण्याने धुवा आणि अगदी कोरडे करा. ओल राहिली की थेंब पसरतो आणि पातळ होतो. हात मिनिटभर खाली सोडून ठेवा. यंत्र सपाट जागी ठेवा, पट्टी बसवा, ती गरम होऊ द्या. थेंबाची खूण लुकलुकू लागली की मगच बोटाच्या कडेला टोचा, मधोमध नाही. किमान 8 मायक्रोलिटर रक्त लागतं, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा लोंबता थेंब. टोचल्यापासून 15 सेकंदांत तो पट्टीला लागला पाहिजे, आणि पहिलाच थेंब घ्यायचा. साखर मोजताना पहिला थेंब पुसायची सवय असलेले इथे हमखास चुकतात, कारण उशीर झालेल्या रक्तात गोठण्याची क्रिया सुरू झालेली असते. बोट कचकचून पिळलं तर ऊतींमधला द्रव मिसळतो आणि आकडा भरवशाचा राहत नाही. टिंग झाल्यावर वरून आणखी रक्त घालायचं नाही, पट्टीला हातही लावायचा नाही. मिनिटभरात आकडा येतो. चूक दाखवली तर नवी पट्टी, नवं बोट.

पट्टी खराब आहे का ते यंत्र स्वतःच तपासतं आणि बरोबरची खूण दाखवतं, ही या यंत्राची खरी जमेची बाजू. पट्ट्या 2 ते 30 अंश सेल्सिअसमध्ये ठेवता येतात. डबीतून काढलेली पट्टी 10 मिनिटांत वापरायची आणि झाकण लगेच लावायचं. दमट हवेत उघडी राहिलेली डबी म्हणजे पैसे पाण्यात.

आता मर्यादा. मोजमाप 0.8 ते 8.0 पर्यंतच. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, 25 ते 55 टक्क्यांच्या बाहेर असेल तर आकड्यावर विसंबू नये. शस्त्रक्रियेनंतर लगेचच्या दिवसांत रक्त कमी झालेलं असतं, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावं. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गोठण्याच्या तपासणीत ढवळाढवळ करणारी प्रतिपिंडं) असलेल्यांत आकडा खोटा चढा येऊ शकतो. आयएनआर 4 च्या वर गेला की यंत्र आणि प्रयोगशाळा यांतली तफावत वाढते, तिथे शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घेतल्याशिवाय वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस बदलू नये. 2018 मध्ये पट्ट्यांच्या काही लॉटमध्ये चढे आकडे आणखी चढे दिसत होते आणि कंपनीला त्या परत मागवाव्या लागल्या होत्या. यंत्र वाईट ठरतं असं नाही, पण दर काही महिन्यांनी एकाच दिवशी, थोड्या वेळाच्या अंतराने, दोन्हीकडे तपासणी करून आकडे शेजारी लिहून ठेवावेत. कक्षेतल्या आकड्यांत 0.5 पर्यंतचा फरक सहसा चालवून घेतात.

डोळ्यांच्या तक्रारीला याचा उपयोग कुठे? त्या क्षणी सुई शोधण्याआधी एक फुकटची तपासणी करायची: एक डोळा झाका, मग दुसरा. चमक दोन्ही डोळ्यांनी, दृष्टीच्या त्याच बाजूला दिसली तर उगम मेंदूच्या मागच्या भागात आहे. एकाच डोळ्याने दिसत असेल तर उगम त्या डोळ्यात किंवा त्याच्या रक्तवाहिनीत. ‘उजव्या डोळ्याला झालं’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांना प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांच्या उजव्या बाजूला झालेलं असतं, आणि झाकून पाहिलं नाही तर हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. मग घड्याळ. ऑरा हळूहळू पसरतो, 5 ते 60 मिनिटं टिकतो आणि त्यात काहीतरी जास्तीचं दिसतं: चमक, रेषा, लाटा. मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने एक लाट सरकते, म्हणून हा संथपणा. गुठळीमुळे मात्र सगळं एकदम होतं आणि काहीतरी उणं होतं: पडदा उतरावा तसा अंधार, दृष्टीचा तुकडाच नाहीसा.

हा फरक कामाचा आहे, पण छाप-काटा नाही. गुठळीतही क्वचित चमक दिसते. म्हणून कृत्रिम झडप असलेल्याने पहिल्याच खेपेला, लक्षणं कितीही पुस्तकी वाटोत, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं. एका डोळ्यापुढे पडदा, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायात कमजोरी, अचानक तीव्र डोकेदुखी, तासाभराहून जास्त टिकलेला बिघाड, यांपैकी काहीही असेल तर थेट आपत्कालीन विभाग. आकडा बघत बसायचं नाही. तापासोबत दृष्टीत बिघाड झाला तर झडपेला जंतुसंसर्ग झाला आहे का हे तपासावं लागतं, आणि आयएनआर त्याबद्दल काहीच सांगत नाही.

तरीही अशा वेळी यंत्रातले साठवलेले आकडे मोलाचे ठरतात. पक्षाघातावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यायचं असतं आणि आयएनआर 1.7 च्या वर असेल तर ते सहसा देत नाहीत. रुग्णालय स्वतःची तपासणी करणारच, पण शेवटचा आकडा, त्याची तारीख आणि लक्षणं सुरू झाल्याची नेमकी वेळ हातात असली की मिनिटं वाचतात. मागचा आलेखही पाहतात. आज 2.6 आहे म्हणून गेल्या आठवड्यात 1.6 नव्हता असं नाही, आणि गुठळी तेव्हाच धरलेली असू शकते. महाधमनीच्या साध्या दुपाती धातूच्या झडपेला लक्ष्य सहसा 2.5, मायट्रल (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेला 3.0, स्वतःचं लक्ष्य डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं.

यंत्राचा दुसरा खरा उपयोग औषधांच्या बाबतीत. अर्धशिशीसाठी घेतलेली पॅरासिटामॉल दिवसाला 2 ग्रॅमच्या घरात सलग काही दिवस गेली तर आयएनआर चढू शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरेंनी आकडा फारसा हलला नाही तरी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणजे इथेही यंत्र गप्प. शस्त्रक्रियेनंतर ठोके अनियमित झाले म्हणून दिलेलं ॲमिओडॅरोन तर दुहेरी गोंधळ घालतं: वॉरफरिनचा परिणाम आठवडेच्या आठवडे वाढवत नेतं आणि बुबुळावर थर साचल्याने दिव्यांभोवती वलयं दाखवतं. ती वलयं म्हणजे ऑरा नव्हे. ती येऊन-जाऊन नसतात. नवं औषध सुरू झालं की तीन ते पाच दिवसांनी एक जादा तपासणी करावी. रोज टोचून आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही, कारण डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायलाच काही दिवस लागतात. आणि चमक दिसली म्हणून गोळी स्वतःहून दुप्पट करायची नाही की बंदही करायची नाही. अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना चालत नाहीत, त्याच आजारावरच्या अर्गोटामिनचं तर झडपांशी जुनं वैर. जुन्या चिठ्ठीवरून ती परस्पर आणू नये.

घ्यावं कोणी? धातूची झडप असलेल्याने, ज्याला आयुष्यभर वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घ्यायचं आहे, बोटावर थेंब काढणं जमतं आणि डोस ठरवायला डॉक्टर पाठीशी आहेत. टिश्यू (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली) झडप असेल आणि ही गोळी तीन-सहा महिन्यांपुरतीच असेल तर यंत्रात पैसे घालू नयेत, प्रयोगशाळा पुरते. ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही रक्त पातळ करणारी वेगळी औषधं घेणाऱ्यांसाठी हा आकडा निरर्थकच आहे. पट्ट्या घेताना आठवड्याला एक धरून वर्षाच्या 52 आणि वाया जाणाऱ्या थोड्या असा हिशेब करा, पण सगळ्या एकदम घेऊ नका. डबीवरची मुदत आधी बघा.