साधी बॅटरी की एजीएम?

किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, तेव्हा बॅटरी संपली असं आपण धरून चालतो. आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून बघा. माझी एक बॅटरी तेवढ्यावर आणखी वर्षभर चालली.

नवी घ्यायचीच असेल तर आधी दोन्हींतला फरक बघा. साध्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा आम्लात बुडालेल्या असतात. एजीएममध्ये (अ‍ॅब्सॉर्बंट ग्लास मॅट) तेच आम्ल काचेच्या तंतूंच्या थरात शोषलेलं असतं. म्हणून ती सांडत नाही, हादरे झेलते आणि वारंवार थोडी रिकामी होऊन भरणं तिला जास्त मानवतं. किंमत मात्र चांगलीच चढी.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत कंपनीने एजीएम दिली असेल तर तीच घ्या. तिथे साधी लवकर मान टाकते. तशी सोय नसलेल्या, रोज चालणाऱ्या गाडीला मी साधीच बसवेन. बॉनेटखालची उष्णता एजीएमलाही सोसत नाही, आणि जादा चार्जिंगने उडालेलं पाणी तिच्यात परत भरता येत नाही. साधीला बुचं असली तर डिस्टिल्ड वॉटर घालून भागतं.

दुकानात लेबलापेक्षा उत्पादनाची तारीख आधी वाचा आणि समोरच मल्टिमीटर लावायला सांगा. पूर्ण भरलेली साधी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, एजीएम किंचित जास्त. १२.४च्या खाली काटा गेला तर दुसरी मागा. वॉरंटीचे ‘इतके महिने’ ऐकून भुलू नका. त्यातले फुकट बदलीचे किती, तेवढं विचारा.