चिखलातून आलेला ट्रक: वॉशिंग सेंटरचे प्रेशर की अंगणातला पाइप?

परतीचा पाऊस लांबला की आपल्या बेळगाव भागात उसाचा हंगाम चिखलातच सुरू होतो. चिकोडी-निपाणीकडच्या काळ्या रानातून भरून आलेली गाडी आणि खानापूर भागातल्या तांबड्या पाणंदीतून आलेली गाडी, दोन्ही इंजिनापर्यंत माखलेल्या असल्या तरी त्यांचा त्रास सारखा नसतो. काळी माती ओली असताना चिकटून बसते, पण वाळली की भेगाळून तिची ढेकळे सुटतात. तांबडी माती पाण्याबरोबर रेडिएटरच्या जाळीत आणि आल्टरनेटरच्या फटींत शिरते आणि तिथेच वाळून धरते. अशी गाडी वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन घ्यावी, की घरीच बोअरच्या पाइपने आणि ब्रशने साफ करावी, याविषयी मी दोन्ही मार्ग वापरून लिहीत आहे.

वॉशिंग सेंटरचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. गाडी रॅम्पवर चढते, तासाभरात चेसिस, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), जॉइंट आणि डिफरेन्शियल स्वच्छ दिसू लागतात, आणि पाट्यांत घट्ट बसलेली माती तेवढ्या जोराशिवाय निघतही नाही. माझी जुनी, साध्या डिझेल पंपाची गाडी कित्येक वर्षे अशीच धुतली गेली, इंजिनसकट, आणि तिने कधी तक्रार केली नाही.

तक्रार सुरू झाली ती नवी गाडी आल्यावर. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या बीएस-सहा (भारत स्टेज-सहा या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांत इंजिनभोवती सेन्सर आणि त्यांचे कपलर (वायर जोडण्याचे प्लग) इतके असतात की बोट घालायलाही जागा सापडत नाही. ती गाडी मी सवयीप्रमाणे प्रेशरने धुऊन घेतली. दोन दिवस काहीही झाले नाही. तिसऱ्या दिवशी भरलेली गाडी चढावर असताना इंजिनचा दिवा लागला, पिकअप गेला, आणि ऊस घेऊन मला बैलगाडीच्या चालीने कारखाना गाठावा लागला. चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवा गेला, म्हणून वायरिंगवाल्याकडे नेले तेव्हा गाडी अगदी शहाण्यासारखी वागली. असे तीन वेळा झाले. शेवटी त्याने डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा कपलर उघडला, तेव्हा आत तांबड्या मातीचा पातळ थर होता आणि कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकावे तशी एक पिन हिरवी पडली होती. दुरुस्ती म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. त्यापायी गेलेल्या खेपा मात्र परत येत नाहीत.

यात धुणाऱ्या मुलाची चूक म्हणावी असे मला वाटत नाही. कपलरमधले रबरी सील रस्त्यावरचे उडणारे पाणी अडवते, पण वीतभर अंतरावरून थेट मारलेली धार त्याला पुरून उरते, आणि आत गेलेले पाणी मग तेच सील बाहेर पडू देत नाही. इंजिन तापले की त्याची वाफ होते, थंड झाले की पुन्हा थेंब, आणि पिन हळूहळू कळकत राहते. म्हणूनच हा बिघाड धुतल्या दिवशी दिसत नाही.

घरच्या पद्धतीला अर्धा दिवस जातो आणि गाडीवरच्या क्लीनर पोराचे तोंड वाकडे होते, हे आधीच सांगून टाकतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे लागते, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी लागते, आल्टरनेटर आणि हवा ओढण्याचे तोंड पॉलिथिनने बांधावे लागते. काळी माती वाळू देऊन लाकडी पट्टीने आणि ब्रशने पाडावी; तांबडी मात्र वाळण्याआधीच साध्या पाइपच्या पाण्याने भिजवून उतरवावी. रेडिएटरला समोरून पाणी मारले तर माती आणखी आत, इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते. पंख्याच्या बाजूने बाहेर मारले तर ती आल्या वाटेने निघते. शेवटी गाडीच्याच एअर ब्रेकच्या टाकीतल्या हवेने कपलरवरचे पाणी उडवावे, पण जाळीवर नळी जवळ धरू नये, कारण तिच्या पात्या बोटानेही वाकतात. एअर फिल्टरचा कागद धुण्याचा मोह टाळावा. केवळ त्याच्या डब्याच्या तळाचा रबरी व्हॉल्व्ह दाबून चिखल साचला आहे का ते पाहावे.

आपली गाडी जुनी असेल, किंवा घरी पाण्याची टंचाई असेल, तर सेंटरवर जाण्यात गैर काही नाही. नवी गाडी असणाऱ्यांनी, माझ्या अल्प अनुभवावरून, खालची बाजू सेंटरवर धुऊन घ्यावी आणि इंजिनावर धार जाऊ नये म्हणून केबिन उचलू देऊ नये; मी तरी आता तसेच करतो. धुतल्यानंतर रिकामी गाडी वीस मिनिटे उभ्यानेच चालू ठेवून बेल्टची किरकिर थांबते का ते ऐकतो. ती थांबली नाही तर बहुधा पुलीच्या खाचेत माती राहिलेली असते. भरल्यावर पहिल्या चढाला इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, तर मेस्त्रीकडे जाण्याआधी टॉर्च घेऊन इंटरकूलरच्या मागे डोकावतो. गेल्या हंगामात तिथे उसाच्या पाचटाची आणि तांबड्या मातीची पोळीएवढी जाड चकती निघाली.