आरयू : फुगलेल्या रजिस्ट्रीचा वजनकाटा

"रजिस्ट्री फुगलीय, साफ करून देतो." ठाणे स्टेशनच्या बाहेर विचारा नाहीतर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये, मशीन स्लो म्हटलं की हे ऐकायला मिळतंच. रजिस्ट्री म्हणजे विंडोज आणि त्यावरचे प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज जिथे लिहून ठेवतात ती वही. किती फुगली आणि कोणी फुगवली, असं विचारलं तर क्लीनर सॉफ्टवेअरची लाल अक्षरं दाखवली जातात: हजार-बाराशे 'एरर'. त्या आकड्याचा रजिस्ट्रीच्या वजनाशी काडीचा संबंध नसतो. वजन बघायचं तर त्यासाठी आरयू आहे, आणि ते फुकट आहे.

आरयू म्हणजे रजिस्ट्री युसेज. हे सिसइंटर्नल्स या विंडोजच्या टूलांच्या संचातलं एक छोटंसं टूल. १९९६ मध्ये मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सुरू केलेलं सिसइंटर्नल्स २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. झिप उतरवायची, उघडायची, बस; इन्स्टॉल काही होत नाही. खिडकी नाही, बटणं नाहीत, सगळं काम कमांड प्रॉम्प्टवर. (इथल्या कमांड आणि पाथ देवनागरीत दिले आहेत, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचे.)

आधी फाईलचं वजन बघा. सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग या फोल्डरमध्ये सॉफ्टवेअर आणि सिस्टम नावाच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फाईली असतात. रजिस्ट्री अशाच फाईलींत साठते, यांना हाइव्ह म्हणतात. नेहमीच्या वापरातल्या विंडोज १० वर सॉफ्टवेअर हाइव्ह शंभर-सव्वाशे एमबी असेल तर घाबरायचं कारण नाही. तिथेच कंपोनंट्स नावाची फाईलही जाडजूड दिसेल. ती विंडोज अपडेटची आहे, अँटीव्हायरसवर तिचं खापर फोडू नका.

मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून प्रॉम्प्ट उघडून आरयू -एल २ एचकेएलएम\सॉफ्टवेअर द्या (एचकेएलएम म्हणजे रजिस्ट्रीतला पूर्ण मशीनचा भाग). प्रत्येक 'की'खाली (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डर) किती व्हॅल्यू म्हणजे नोंदी, किती सबकी आणि किती बाइट, हे दोन पातळ्यांपर्यंत येतं. यादी वजनाप्रमाणे लावून मिळत नाही, हा या टूलचा सगळ्यात त्रासदायक दोष. -सी लावून सीएसव्ही काढा आणि एक्सेलमध्ये सॉर्ट करा. सिस्टम हाइव्ह मोजताना करंटकंट्रोलसेट घेऊ नका. ती खरी की नसून बहुधा कंट्रोलसेट००१ कडे नेणारी पाटी असते, दोन्ही घेतल्या तर तोच माल दोनदा तोलला जातो.

आता खरा हिशोब. तुर्भ्याच्या मार्केटमधल्या गाळेवाल्यांना हा समजावून सांगावा लागत नाही: भरलेल्या गाडीचं वजन वेगळं, आतल्या मालाचं वेगळं. समजा सॉफ्टवेअर फाईल ४०० एमबीची आहे आणि आरयूची बेरीज १३० एमबी भरते. थोडा फरक रचनेचा असतोच, पण एवढी तफावत म्हणजे बहुधा पोकळ जागा. कुणीतरी हजारो की लिहिल्या आणि नंतर पुसल्या. की पुसली म्हणून फाईल लगेच आकसत नाही, जागा आत मोकळी पडून राहते. इथे क्लीनर कितीही फिरवला तरी फाईलचं वजन हलत नाही. उलट बेरीजही ३७०-३८० एमबी आली, तर माल खरा आहे आणि त्याचा मालक शोधायला हवा.

सिक्युरिटी सॉफ्टवेअर मालक असेल तर ते बहुतेक वेळा तीन जागी सापडतं. पहिली, त्याची स्वतःची की: लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हची नोंद, परवानगी दिलेल्या फाईलींची यादी, काही सिक्युरिटी पॅकेज (सूट) तर स्कॅनचा इतिहासही इथेच कोंबतात. दुसरी, इंटरनेट सेटिंग्जखालची झोनमॅप\डोमेन्स. जुन्या अँटी-स्पायवेअरचं 'इम्युनाइझ' बटण दाबलं की नको त्या साइटींची हजारो नावं इथे एकेक की म्हणून बसतात, तीही प्रत्येक युजरच्या खात्यात. ही नावं रेगएडिटमध्ये (विंडोजचा रजिस्ट्री एडिटर) हाताने पुसत बसू नका, त्याच प्रोग्रॅममधून 'अनडू' करा आणि मगच प्रोग्रॅम काढा. तिसरी जागा म्हणजे फायरवॉलचे नियम. विंडोजची स्वतःची फायरवॉलही यातून सुटलेली नाही.

आरयू इथे एका ठिकाणी फसतं. अँटीव्हायरस आपल्या की कुलूपबंद ठेवतो, आणि जी की वाचता येत नाही ती मोजलीही जात नाही. आरयू विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टम' खात्याखाली चालवण्यासाठी त्याच संचातलं पीएसएक्झेक -एस वापरा. तरीही आकडा संशयास्पद वाटला तर सूटचं सेल्फ-प्रोटेक्शन तेवढ्यापुरतं बंद करून पुन्हा तोला. शिवाय आरयू वजन सांगतं, वाढ सांगत नाही. रोज कोण लिहितंय हे बघायला त्याच संचातला प्रोसेस मॉनिटर लागतो: फिल्टरमध्ये ऑपरेशन रेगसेटव्हॅल्यू ठेवा, दहा मिनिटं चालू द्या आणि टूल्समधली रजिस्ट्री समरी उघडा.

मालक सापडला की लगेच डिलीट दाबायचं नाही. कंट्रोल पॅनेलमधून अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, मग त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल, शक्यतो सेफ मोडमध्ये. नंतर एफएलटीएमसी ही कमांड देऊन जुना फिल्टर ड्रायव्हर (फाईलींच्या वाटेवर पहारा देणारा अँटीव्हायरसचा भाग) अजून यादीत आहे का ते बघा. डब्ल्यूडीफिल्टर दिसला तर तो विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर अँटीव्हायरसचा आहे, राहू द्या. दोन अँटीव्हायरसचे ड्रायव्हर एकावर एक बसलेले असतील तर मशीन रडतखडत चालण्याचं कारण तेच, रजिस्ट्रीचा आकार नव्हे.

इथे एक चूक फार महाग पडते. काही सूट पासवर्ड चोरांपासून बचाव म्हणून कीबोर्डच्या क्लासमध्येही आपला ड्रायव्हर घालतात. त्याचं नाव अपरफिल्टर्स या व्हॅल्यूत केबीडीक्लास या विंडोजच्या मूळ कीबोर्ड ड्रायव्हरच्या जोडीला असतं. ड्रायव्हरची फाईल पुसली आणि नाव तसंच राहिलं, की पुढच्या रीस्टार्टला कीबोर्ड मुका. घाबरून पूर्ण व्हॅल्यू उडवली तर केबीडीक्लासही जातं, म्हणजे कीबोर्ड तसाच मुका राहतो. फक्त परक्या नावाची ओळ काढायची. क्लीनर सॉफ्टवेअरला हा विवेक नसतो. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केलेलं आहे.

राहिली पोकळ जागा. ती काढण्याआधी फायदा किती ते चालू विंडोजमध्येच कळतं: रेग सेव्ह एचकेएलएम\सॉफ्टवेअर देऊन डी ड्राइव्हवर प्रत काढा. ही प्रत आटोपशीर लिहिली जाते. ४०० ची १५० झाली तर पुढे जा, ३९० झाली तर खटाटोप सोडून द्या. मात्र ही प्रत फक्त मापापुरती, ती बदलून बसवायची नाही. रीस्टार्टपर्यंत रजिस्ट्री पुढे गेलेली असते.

बदल करायचा तो शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून, रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून. बिटलॉकर (ड्राइव्हचं एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. ड्राइव्हचं अक्षर तिथे बदललेलं असू शकतं, डीआयआर देऊन खात्री करा. रेगएडिट उघडा, एचकेएलएम निवडून लोड हाइव्हने डिस्कवरची सॉफ्टवेअर फाईल काहीतरी वेगळं नाव देऊन चढवा, त्या नावावरच एक्स्पोर्ट करा. प्रकार 'रजिस्ट्री हाइव्ह फाइल्स' हवा, डॉट रेग नको. समोर आधीपासून दिसणारी सॉफ्टवेअर की रिकव्हरीची स्वतःची असते, ती एक्स्पोर्ट केली तर विंडोज उठणार नाही. मग अनलोड, जुन्या फाईलचं नाव सॉफ्टवेअर डॉट ओल्ड, नवीला मूळ नाव. मशीन नीट चाललं तरी ओल्ड आठवडाभर ठेवा. रेगबॅक फोल्डरच्या भरवशावर राहू नका. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे आपोआप बॅकअप होत नाही.

युजरच्या स्वतःच्या हाइव्हसाठी, म्हणजे एनटीयुजर डॉट डॅट फाईलसाठी, एवढं करावं लागत नाही. तो युजर लॉगआउट असताना, फाईलची प्रत ठेवून, आरयू -एच आणि फाईलचा पाथ द्या. टूल ती फाईल चढवतं, मोजतं, उतरवतं आणि उतरवताना आवळूनही देतं. या एका स्विचसाठी आरयू ठेवावं.

नौपाड्यातल्या सीए ऑफिसांत टॅली सर्व्हरवर ठेवून दहा-पंधरा जण रिमोट डेस्कटॉपने येतात. तिथे सर्व्हर २०१६ किंवा २०१९ असेल तर पहिला संशय फायरवॉलवर घ्या. प्रत्येक लॉगिनला स्टोअर अ‍ॅप्सचे नियम नव्याने जोडले जातात, सिस्टम हाइव्ह फुगते आणि लॉगिनला काळा पडदा दिसतो. आरयूला फायरवॉलपॉलिसी की दाखवा, आत रिस्ट्रिक्टेडसर्व्हिसेस\अ‍ॅपआयसोखाली वजन दिसेल. अपडेट पूर्ण करून फायरवॉलपॉलिसीमध्ये डिलीटयुजरअ‍ॅपकंटेनर्सऑनलॉगऑफ ही डीवर्ड (आकडी) व्हॅल्यू १ करा. यापुढची भर थांबेल. साठलेले नियम मात्र वेगळे पुसावे लागतात, आणि त्याआधी नेटश अ‍ॅडव्हफायरवॉल एक्स्पोर्टने बॅकअप हवा.

मोजमापाला पाचपैकी साडेचार, वापरायच्या सोयीला दोन. घरच्या एका लॅपटॉपसाठी एवढी उठाठेव करू नका, त्यापेक्षा एसएसडी बसवा. दुकानदाराकडेच काम द्यायचं असेल तर कॉन्फिग फोल्डरचा आधीचा आणि नंतरचा फोटो मागून घ्या.